खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाणी फिरतंय ना?

परवा एका मित्राकडे त्याची नवी मरीन टाकी बघायला गेलो. दिवे उत्तम, मीठ उत्तम, पण दगडांच्या मागे करड्या गाळाचा थर आणि त्यावर लालसर बुळबुळीत शेवाळं. पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

प्रवाळ जागचं हलत नाही. त्याला अन्न आणि ऑक्सिजन आणून देणं, अंगावरची घाण वाहून नेणं, हे सगळं प्रवाहच करतो.

मऊ प्रवाळांसाठी तासाला टाकीच्या १० ते २० पट पाणी फिरावं. २०० लिटरची टाकी असेल तर २,००० ते ४,००० लिटर. अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना याच्या दुप्पट तरी हवं.

एकच मोठा पंप लावण्यापेक्षा दोन लहान वेव्हमेकर समोरासमोर, थोडे तिरके लावा. प्रवाह मध्ये आपटून विस्कटतो, तसाच हवा. सरळ झोत प्रवाळावर कधीच नको, मांस फाटतं. हॅमर कोरलची टोकं सावकाश डुलत असतील तर प्रवाह बरोबर. एकाच बाजूला झोपली असतील तर पंपाची दिशा बदला.

एक पंप पृष्ठभागाकडे रोखा. पाणी वर हललं की ऑक्सिजन विरघळतो, आणि खाऱ्या, कोमट पाण्यात तो मुळात कमीच मावतो. म्हणून वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच. हीटरपेक्षाही आधी तो घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीचं माप आणि फोटो कमेंटमध्ये टाका, पंप कुठे लावायचा ते मिळून ठरवू.