पांढुर्णा ते तंजावर : दुचाकीवरून सहा राज्ये

वैद्यकीय व्यवसायातील माणसाला रजा घ्यावयाची म्हणजे प्रथम स्वतःच्याच मनाची समजूत घालावी लागते. बालरोगतज्ज्ञाचे तर विचारूच नये. मुले आजारी पडताना डॉक्टरांचे वेळापत्रक पाहत नाहीत. म्हणूनच २०२४ च्या फेब्रुवारीत दहा दिवस दवाखाना एका सहकाऱ्याच्या स्वाधीन करून मोटारसायकलवरून एकट्याने तंजावरला जाण्याचा बेत मी जाहीर केला, तेव्हा घरी आणि मित्रमंडळींत एकच प्रश्न उमटला : पन्नाशी उलटल्यावर हे कशासाठी? आपल्या पांढुर्ण्याच्या स्थानकावरून चेन्नईच्या गाड्या रोज धडधडत जातात, मग हा खटाटोप का?

त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील आपला पांढुर्णा-सौसरचा भाग मध्य प्रदेशातच राहिला. सीमारेषा सरकली, माणसे जागीच राहिली. २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु महाराष्ट्राबाहेरचे मराठी ही आपली ओळख तीच आहे. आपल्याहून कितीतरी आधी आणि कितीतरी दूर राहिलेली मराठी माणसे तंजावरला आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत टिकले. इतक्या काळानंतर तेथे मराठीचे काय उरले आहे, हे मला पाहावयाचे होते. आणि वाटेत एक भाषा संपून दुसरी कोठे सुरू होते, तेही रस्त्यावरूनच पाहावयाचे होते. रेल्वेच्या खिडकीतून सीमा कळत नाही. दुचाकीवर ती चहाच्या टपरीवर कळते.

प्रवासाचे पथ्य

जाताना सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर चार दिवसांत कापले. मुक्काम निर्मल, कर्नूल आणि होसूर येथे केले. डॉक्टर मित्रांसाठी माझे पथ्य येथे नोंदवतो. दिवसाला चारशे किलोमीटरच्या फार पुढे जावयाचे नाही. दर ऐंशी किलोमीटरला थांबून, तहान असो वा नसो, पाणी प्यावयाचे. कारण वाऱ्यावर घाम लगेच वाळतो आणि शरीरातील पाणी कमी होत असल्याचे ध्यानात येत नाही. दुपारी दोन ते चार या वेळात शरीराच्या घड्याळानुसारच झापड येते, तेव्हा गाडी बाजूला लावून झाडाखाली अर्धा तास पडावयाचे. शिरस्त्राणाच्या आत वाऱ्याचा आवाज कानांना अपाय करण्याइतका मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालावयाचे. अंधार पडल्यावर किल्ली काढून घ्यावयाची. एकट्या प्रवाशाला "तुमचा चेहरा थकलेला दिसतो" असे सांगणारे कोणी नसते. आपणच रुग्ण आणि आपणच वैद्य.

नागपूर सोडले की राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे पूर्वीचा सात क्रमांकाचा रस्ता, सरळ दक्षिणेस जातो. हिंगणघाट, पांढरकवडा ही गावे आपलीच वाटतात. तीच काळी माती, तोच कापूस. पैनगंगा ओलांडली की फलकांवर गोल वळणाची तेलुगू लिपी येते. तरीही आदिलाबादच्या टपरीवर माझ्या मराठीला मराठीतच उत्तर मिळाले. निर्मल लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे दवाखान्यातील बाळगोपाळांसाठी थोडी खेळणी घेतली. पुढे गोदावरी, मग हैदराबाद, मग कृष्णा आणि कर्नूलला तुंगभद्रा. एकेक नदी मागे पडत गेली तशी मातीही तांबडी होत गेली आणि प्रचंड शिळांच्या टेकड्या दिसू लागल्या.

अनंतपूरच्या अलीकडे मागचे चाक बसले. पंक्चर काढणारा तरुण आणि मी यांच्यात समान शब्द दोनच, 'पंक्चर' आणि 'डॉक्टर'. त्याच्या पत्नीने काही विचारण्यापूर्वीच पाण्याचा तांब्या पुढे केला. आपल्या बाह्यरुग्ण विभागात भाषा न कळणारी एखादी मजुराची बायको तापलेले मूल घेऊन उभी राहते, तेव्हा तिची काय अवस्था होत असेल, ते त्या बाकावर बसून मला पुरतेपणी उमगले.

भिंतीवरची मराठी

चौथ्या दिवशी सेलम, नामक्कल करीत, मुसिरीजवळ कावेरीच्या काठाने आणि केळीच्या बागांमधून तिरुचिरापल्ली गाठले आणि सायंकाळी तंजावरला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राजराज चोळाने उभारलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. तमिळ शिलालेखांच्या त्या जगात प्राकाराच्या भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसू लागतात. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरविलेला हा भोसले वंशाचा विस्तृत इतिहास.

मी अडखळत मोठ्याने वाचीत होतो. शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून उभे राहिले आणि त्यांनी मराठीत गावाचे नाव विचारले. उच्चाराची ढब तमिळ, पण क्रियापदे आपली. घरात ते मराठी बोलतात; लिहावयाची वेळ आली तर तमिळ लिपीत लिहितात. देवनागरी त्यांना येत नाही. "काका, वाचून दाखवू का?" असे विचारताच ते भिंतीच्या जवळ सरकले. मी वाचीत गेलो; ओळखीचा शब्द आला की ते मान डोलवीत. सहा वर्षांच्या नातवाला आजोबांचे सारे बोलणे समजत होते, परंतु तो प्रत्येक उत्तर तमिळमध्ये देत होता.

सरस्वती महाल ग्रंथालयात डॉक्टरांनी अवश्य जावे. सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल ही औषधशाळा चालविली. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून त्यांचा आजार व उपचार नोंदवून ठेवले. दोनशे वर्षांपूर्वीचे केसपेपरच ते. त्यांनी छापखाना काढला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत आणून मुलांसाठी छापविल्या. राजाने मुलांच्या पुस्तकाची चिंता वाहिली, तरी पुढे राज्य गेले, शाळा बदलल्या आणि लिपी हातून सुटली. बोली मात्र राहिली, कारण आजी-आजोबा ती नातवंडांशी बोलत राहिले.

आपल्या दारी

परतीचे चार दिवस मनात तो नातू होता. माझ्या दवाखान्यात काय वेगळे चित्र आहे? आजी मराठीत बोलते, आई मराठी-हिंदीची सरमिसळ करते आणि मूल हिंदीत उत्तर देते. अनेक माता विचारतात, "डॉक्टरसाहेब, घरी मराठी आणि शाळेत दुसरी भाषा, म्हणून तर हा उशिरा बोलत नाही ना?" येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून स्पष्ट सांगतो : दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते हा समज निराधार आहे. बोलणे उशिरा येत असेल तर प्रथम श्रवणशक्ती तपासावी आणि मुलाच्या विकासाची तपासणी करून घ्यावी. घरची भाषा बंद करणे हा त्यावरचा उपचार नव्हे.

आपण तंजावरपेक्षा भाग्यवान आहोत. नागपूर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि हिंदीची लिपीही देवनागरीच आहे. आपल्या मुलांना अक्षरे आधीच येतात. त्या अक्षरांत मराठी पुस्तक तेवढे हाती द्यावयाचे आहे. प्रवासाहून आल्यावर मी प्रतीक्षा कक्षातील बाकावर निर्मलच्या खेळण्यांशेजारी मराठी चित्रकथांची पुस्तके ठेवली आहेत. ती फाटतात, हरवतात, काही घरीही जातात. मला त्याचे समाधानच वाटते. सोसायटीच्या प्रत्येक सदस्य डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात असे एक छोटे कपाट ठेवावे, आणि लसीकरणाला आलेल्या आजीला "बाळाला गोष्ट सांगता की नाही?" एवढे अवश्य विचारावे, ही नम्र विनंती.