घोड्याच्या खुरांचे पोषण
खुराची वाढ, घनता व चिवटपणा टिकून राहावा म्हणून घोड्याच्या आहारात राखावा लागणारा पोषक द्रव्यांचा समतोल. खुराची बाहेरील भित्ती मुख्यत्वे केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. ती वरच्या कडेपासून खाली महिन्यास सु. ६ ते १० मिमी. वाढते, त्यामुळे खुराच्या पुढील भागाची भित्ती पूर्णपणे नवी होण्यास ९ ते १२ महिने लागतात. खुरावर दिसणारी आडवी वळी ही पुष्कळदा काही महिन्यांपूर्वी झालेल्या उपासमारीची, आजाराची वा आहारबदलाची खूण असते. आहारात केलेल्या सुधारणेचा परिणामही असाच सावकाश दिसतो.

केराटिन तयार होण्यास मिथिओनीन व सिस्टीन ही गंधकयुक्त ॲमिनो अम्ले, जस्त, तांबे आणि बायोटिन हे जीवनसत्त्व लागते. रोज १५ ते २० मिग्रॅ. बायोटिन अनेक महिने दिल्यास ठिसूळ खुरांत सुधारणा होते, असे प्रयोगांत आढळले आहे. सिलिनियम अल्प प्रमाणात आवश्यक असले, तरी त्याच्या अतिरेकाने खुरास भेगा पडतात व क्वचित खूर गळूनही पडते.

गोंदिया जिल्हा (स्थापना १९९९, पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) हा मुख्यतः भातपिकाचा प्रदेश आहे. भाताचे तणस व कोंडा येथे सहज मिळतात; परंतु केवळ त्यांवर घोडा पोसणे हितावह नाही. तणसात प्रथिने सु. ३ ते ५ टक्केच असतात, सिलिका पुष्कळ असते आणि त्यातील ऑक्झॅलेटामुळे कॅल्शियमाचे शोषण घटते. बैल व म्हशी रवंथ करीत असल्याने त्यांना असा चारा घोड्यापेक्षा अधिक मानवतो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमाच्या अनेकपट असते. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण सु. २ : १ असणे इष्ट असून फॉस्फरस वरचढ झाल्यास शरीर हाडांतील कॅल्शियम वापरू लागते, परिणामी हाडे ठिसूळ होतात, जबडा सुजतो व घोडा लंगडतो. भाताच्या बांध्यांत घेतल्या जाणाऱ्या लाखोळीचे दाणे घोड्यास नियमित देऊ नयेत. त्यांतील विषामुळे मागील पाय लुळे पडतात आणि स्वरयंत्राचा पक्षाघात होऊन श्वास कोंडतो. पावसात भिजून बुरसलेले तणसही वर्ज्य करावे.

सु. ३०० किग्रॅ. वजनाच्या घोड्यास रोज ४.५ ते ६ किग्रॅ. वैरण (शुष्क भार) लागते. तीत चांगले वाळलेले गवत मुख्य असावे व जोडीस थोडे लसूणघास किंवा बरसीम द्यावे. भिजविलेला हरभरा, जव वा ओट यांची चंदी कामाच्या मानाने व विभागून द्यावी. कोंडा ताजा व थोडा असावा आणि त्याबरोबर चुनखडीची पूड द्यावी. मीठ, खनिज मिश्रण व स्वच्छ पाणी आवश्यक असते. आहारातील प्रत्येक बदल ८ ते १० दिवसांत क्रमाक्रमाने करावा. एकाएकी खूप धान्य खाल्ल्यास खुराच्या आतील पत्रिकांचा दाह (लॅमिनायटिस) होतो. खुरे ऊन लागतात, घोडा पुढील पायांवर भार देत नाही व उपचारास विलंब झाल्यास कायमचा निकामी होऊ शकतो. लग्नसराईत वरातीच्या घोड्यांना कौतुकाने भरविले जाणारे धान्य व गोडधोड याच कारणाने धोक्याचे ठरते.

आहार उत्तम असला, तरी पावसाळ्यातील चिखल व ओल्या तबेल्यामुळे तळवा कुजण्याचा धोका राहतो. म्हणून खुरे रोज स्वच्छ करावीत आणि दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावीत.