दोन घरचा पाहुणा

बँकेतील खाती, इस्पितळातील रुग्णांच्या नोंदी, वीजबिलांचा भरणा या साऱ्यांचा भार आज सर्व्हर नामक यंत्रावर आहे. ते बंद पडले की व्यवहार थांबतो आणि दोष कोणाचा, हा वाद सुरू होतो. विक्रेता म्हणतो, तुम्ही कर्नल बदललात. कर्नल बदलणारा म्हणतो, यंत्रच सदोष आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा.

कर्नल म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यांवर चालणारे कार्यक्रम यांना जोडणारा गाभा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सचा हा गाभा कोणालाही पाहता व बदलता येतो. अनावश्यक भाग वगळून आपल्या गरजेपुरता कर्नल घडविणे हा वापरणाऱ्याचा हक्कच आहे. परंतु विक्रेते आपली यंत्रे प्रमाणित करतात ती रेड हॅटसारख्या कंपन्यांनी सिद्ध केलेल्या ठराविक कर्नलवर. त्याबाहेर पाऊल टाकणाऱ्याची तक्रार सहसा ऐकून घेतली जात नाही.

विक्रेत्यांची ही भूमिका सर्वस्वी गैर म्हणता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधील दोष उघड झाला. दोष यंत्रात, उपाय मात्र करावा लागला कर्नलमध्ये. तयार कर्नल वापरणाऱ्यांना तो आयता मिळाला. स्वतःचा कर्नल राखणाऱ्यांना तो स्वतःच्या हातांनी बसवून घ्यावा लागला.

तथापि विक्रेत्याच्या शिक्क्यावर डोळे मिटून विसंबणेही तितकेच धोक्याचे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने जाहीर केले, की तिने पुरविलेल्या काही एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर निकामी होतील आणि त्यांतील माहितीही परत मिळणार नाही. दोष डिस्कमधील फर्मवेअरचा होता. एकाच वेळी बसविलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडण्याचा संभव होता. म्हणजे एकीची प्रत दुसरीवर ठेवण्याची खबरदारीही व्यर्थ! फर्मवेअर बदलल्यावाचून कोणताही कर्नल येथे तारू शकला नसता.

आमचे मत स्पष्ट आहे. स्वतःचा कर्नल वापरावयाचाच असेल, तर त्याची निगा राखणारा जाणकार आधी नेमावा. प्रमाणित कर्नलही यंत्रात राखून ठेवावा, म्हणजे बिघाड कोणत्या बाजूचा हे पडताळता येईल. फर्मवेअरमधील दोष विक्रेत्याने त्वरित व लेखी कळविलेच पाहिजेत, ही अट करारात असावी आणि माहितीची प्रत निराळ्या यंत्रावर ठेवावी. सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्या संस्थांनी किमतीच्या आकड्याआधी ही कलमे वाचावीत. कारण यंत्र थांबते तेव्हा खिडकीबाहेर ताटकळतो तो सामान्य ग्राहक, आणि दोन घरांच्या भांडणात त्याची बाजू मांडणारे कोणी नसते.