नकाशाच्या खालचा डाव

फ्रेंचमध्ये ‘कार्त’ म्हणजे नकाशा आणि ‘कार्त’ म्हणजे खेळायचा पत्ताही. त्यामुळे ‘ल दसू दे कार्त’ या टीव्ही कार्यक्रमाचं नाव कानावर पडलं, की फ्रेंच माणसाला पालथा पत्ता आठवतो, लपवलेला डाव आठवतो. जर्मनमध्येही एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. तिथे मात्र याच कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ ‘उघड्या पत्त्यांनिशी’ असा होतो. एक म्हणतो झाकलेलं, दुसरा म्हणतो उघडं; आणि दोघांचंही खरं!

कार्यक्रम जां-क्रिस्तोफ व्हिक्तोर यांचा. १९९० साली तो सुरू झाला, तेव्हा बर्लिनची भिंत पडून जेमतेम काही महिने झाले होते. पुढे सोव्हिएत संघ गेला, युगोस्लाव्हिया फुटला, शाळेतले अ‍ॅटलास रद्दीत निघाले. नकाशा समजावून सांगणाऱ्या माणसाला याहून चांगला मुहूर्त कुठला? फ्रान्स आणि जर्मनीच्या ‘आर्ते’ या सामाईक वाहिनीवर मग तो वर्षानुवर्षं चालला. दर आठवड्याला बारा-एक मिनिटं, एक माणूस आणि एक नकाशा. पाहुणे नाहीत, वादावादी नाही. रात्री नऊच्या चर्चांनी कान किटलेल्या आपल्याला हे खरं वाटणार नाही, पण लोक बघत होते. शिक्षक तर वर्गात दाखवत.

व्हिक्तोर यांचा जन्म १९४७चा. वडील पॉल-एमिल हे ध्रुवप्रदेशांचे नावाजलेले संशोधक-प्रवासी, आई एलियान टीव्हीवर कार्यक्रम करणाऱ्या. म्हणजे घरात एकीकडे नकाशे, दुसरीकडे कॅमेरा. मुलगा चिनी भाषा शिकला, मानववंशशास्त्राकडे वळला, परराष्ट्र खात्यात काम करून आला. १९७९ साली भूकनिवारणासाठी निघालेल्या एका फ्रेंच संस्थेच्या संस्थापकांत तो होता. १९८३ साली त्याचं अफगाणिस्तानावरचं पुस्तक आलं. स्टुडिओत उभं राहण्याआधी जमीन पायाखालून घातलेला माणूस होता हा. माझ्या मते त्याच्या आवाजातल्या शांतपणाचं मूळ तिथे आहे.

नकाशात झाकलेलं असतं ते काय? आपल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बघा. रशिया उजव्या टोकाला, अलास्का पार डाव्या. पण उत्तर ध्रुवावरून खाली पाहिलं, की दोघे शेजारी! बेरिंगच्या सामुद्रधुनीतली दायोमिडी बेटं, एक रशियाचं, एक अमेरिकेचं, मध्ये पाणी चारेक किलोमीटर. कागद तोच, फक्त मधला बिंदू हलवला. शीतयुद्धातली क्षेपणास्त्रं कुठल्या वाटेने येतील याची धास्ती होती, ते या नकाशात चटकन दिसतं. भिंतीवरच्या नकाशात नाही.

नकाशा काढणं म्हणजे बाजू घेणं, हे आपल्याला निराळं सांगायला नको. २०११ साली ‘द इकॉनॉमिस्ट’च्या भारतातल्या अंकात काश्मीरच्या नकाशावर कोरा कागद चिकटवावा लागला होता. झाकलेला पत्ता म्हणतात तो हाच.

‘लेपाक’ नावाची राजकीय अभ्यासाची आणि नकाशा-विश्लेषणाची प्रयोगशाळाही व्हिक्तोर यांनी उभी केली. २००५ साली कार्यक्रमाचा अ‍ॅटलास निघाला. डिसेंबर २०१६ मध्ये ते गेले. तोवर कार्यक्रमाला सव्वीस वर्षं झाली होती. २०१७च्या सप्टेंबरपासून एमिली ओब्री या पत्रकार तो सादर करू लागल्या. नाव मात्र कुणी बदललं नाही, फ्रेंचमधलंही नाही आणि जर्मनमधलंही नाही.