डोळ्यांच्या थेंबांचं गणित 👁️

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब असतात : पहिला आठवडा दिवसातून 6 वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. मग बाटल्या किती घ्यायच्या?

साधा हिशोब : थेंब × वेळा × डोळे × दिवस.

एका डोळ्यासाठी (6+5+4+3+2+1) × 7 = 147 थेंब.
1 मिलि म्हणजे ढोबळमानाने 20 थेंब. म्हणून 147 ÷ 20 = साधारण 7.4 मिलि. म्हणजे 5 मिलिच्या दोन बाटल्या.

पहिली बाटली तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस संपत येते. दुसरी तोवर फोडू नका, कारण उघडल्यावर बहुतेक थेंब साधारण महिनाभरच वापरायचे असतात. नक्की मुदत लेबलवर बघा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा :
🔹 थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडावर आणि औषधाच्या दाटपणावर ठरतो. काही थेंब गालावरही जातात, त्यामुळे थोडं जास्तीचं धरा.
🔹 एका वेळी एकच थेंब पुरतो. पापणीआड जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं आणि थेंब बहुधा त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब बाहेरच ओघळतो.

डोस मात्र डॉक्टरच ठरवणार. आपण फक्त बाटल्या मोजायच्या!

#डोळ्यांचेआरोग्य #औषधांचंगणित