वाय-फाय उपकरणाला नियंत्रक कसा सापडतो?
झाशीच्या जुन्या तटबंदीतील खंडेराव गेटातून आत आलेला नवखा माणूस नाव सांगून पत्ता विचारतो. केंद्रीय नियंत्रकावर चालणारे वाय-फाय उपकरणही तसेच करते. सुरू होताच ते डीएचसीपीकडून आयपी पत्ता, डीएनएस सर्व्हरचा पत्ता व स्थानिक डोमेनचे नाव मिळवते. सिस्कोची उपकरणे ‘सिस्को-कॅपवॅप-कंट्रोलर’ या ठरलेल्या नावाला ते डोमेन जोडून डीएनएसला विचारतात. उत्तरात नियंत्रकाचा पत्ता मिळतो. त्यामुळे नव्या उपकरणांत पत्ता हाताने भरावा लागत नाही. मात्र डीएनएसमधील नोंद चुकल्यास हा मार्ग खुंटतो आणि प्रशिक्षण केंद्रातील शेतकरी हवामान सल्ल्याला मुकू शकतात. म्हणून उपकरणे बसविण्यापूर्वी ही नोंद, डोमेनचे नाव आणि यूडीपी पोर्ट ५२४६ व ५२४७ खुले असल्याची खात्री करावी.