अर्ज कुणासाठी लिहायचा?

माणसं घडवणारी माणसं : लेखांक ६

नेता आपल्यामागे काय काय ठेवून जातो, याची ढोबळ उजळणी मागच्या लेखात झाली. संस्था, ग्रंथ, इमारती, पुतळे. पुतळ्यांचं काम दुसरेच लोक हौसेनं करतात, तेव्हा तो विषय सोडून देऊ. आजचा प्रश्न जरा अडचणीचा आहे. दुसऱ्यावर आपला ठसा कसा उमटावा, हे नेत्याला ठरवता येतं का? मला वाटतं, पुष्कळसं येतं. फक्त बहुतेक नेते ते मतांच्या बाबतीत ठरवू पाहतात आणि तिथंच फसतात. शिष्याची मतं आपल्या हातात राहत नाहीत. कामाची पद्धत मात्र लावता येते. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले आणि मोहनदास गांधी या तिघांकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं.

१८८७ साली गोखले एकवीस वर्षांचे होते. पुण्यात शिक्षकी चालू होती आणि सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचं काम नुकतंच त्यांच्याकडे आलं होतं. त्या त्रैमासिकातले कितीतरी लेख रानड्यांचे असत, तेही बिनसहीचे. गोखल्यांची खरी शाळा इथं भरली. सरकारला पाठवायच्या निवेदनांचे मसुदे करायचे. त्यासाठी सरकारचेच अहवाल उपसायचे, शेतसाऱ्याचे आणि लष्करी खर्चाचे आकडे ताडून बघायचे आणि पुराव्याशिवाय एक विधान करायचं नाही. रानड्यांचे डोळे अधू होते, पण कच्चा आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

या काळातली एक हकिगत खुद्द गोखल्यांनीच सांगून ठेवली आहे. एवढ्या मेहनतीनं लिहिलेल्या निवेदनांना सरकारकडून दोन ओळींची पोच येई, कधी तीही नाही. तरुण गोखले वैतागले. हा खटाटोप कशासाठी, असं त्यांनी रानड्यांना विचारलं. रानड्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, निवेदनावर नाव सरकारचं असलं तरी ते लिहायचं आपल्या लोकांसाठी. सार्वजनिक प्रश्नांचा विचार कसा करायचा, हे या देशात अजून कुणाला सवयीचं नाही, ती सवय लागेपर्यंत फळाची अपेक्षा न धरता लिहीत राहायचं.

या उत्तरानं मसुद्याचा वाचकच बदलला. सरकारला पटवायचं असतं तर थोडी खुशामत, थोडी अतिशयोक्ती खपून गेली असती. आपल्याच लोकांना विचार करायला शिकवायचं म्हटल्यावर खोटा आकडा चालत नाही. रानड्यांनी गोखल्यांना आपली मतं घोकायला लावली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

या शिस्तीची किंमत गोखल्यांना १८९७ साली मोजावी लागली. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रं त्यांना तिथं मिळाली. त्यांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं उघड करायला ते तयार नव्हते. शेवटी त्यांनी बिनशर्त माफी मागितली. लोकांनी भित्रा म्हणून हिणवलं. आरोप मुळात खोटेच होते असं नाही. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचं, हा रानड्यांच्या तालमीतला नियम होता आणि तो गोखल्यांनी स्वतःला लावला.

१९०१ साली रानडे गेले. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदानं पैशाची हाव सोडायची, पोटापुरतं घ्यायचं, शपथ घ्यायची आणि पाच वर्षं उमेदवारी करायची. म्हणजे रानड्यांनी घरगुती पद्धतीनं जे केलं, ते गोखल्यांनी नियमांत बांधलं. यातून श्रीनिवास शास्त्री, गोपाळ कृष्ण देवधर, ठक्करबाप्पा अशी माणसं निघाली. पण संस्था लहानच राहिली. मला तर वाटतं, गोखल्यांनी गाळणी फारच बारीक ठेवली होती.

आणि मग त्या गाळणीतून न जाणारा माणूस दारात आला. गांधी ९ जानेवारी १९१५ला मुंबईत उतरले. दोघांची मतं जुळत होती असं मुळीच नाही. गांधींचं ‘हिंद स्वराज’ गोखल्यांनी १९१२च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात पाहिलं होतं. ते त्यांना इतकं कच्चं वाटलं की, वर्षभर हिंदुस्थानात राहिल्यावर गांधी स्वतःच ते फाडून टाकतील, असं भाकीत त्यांनी केलं. भाकीत साफ चुकलं. तरी गांधींनी समाजात यावं, अशी गोखल्यांची मनापासून इच्छा होती. सभासद कां-कूं करत होते. या गृहस्थाची रीत वेगळी, उद्या आपल्या घरात बसायची कशी?

गोखल्यांनी सभासदांवर जबरदस्ती केली नाही आणि गांधींनाही वळवायला गेले नाहीत. तुम्हाला औपचारिक प्रवेश मिळो न मिळो, मी तुम्हाला सभासदच धरतो, असं त्यांनी गांधींना सांगितलं. मग समाजाचे एक सभासद डॉ. देव यांना बोलावून समाजाच्या वहीत गांधींच्या नावे खातं उघडायला लावलं; आश्रमासाठी आणि सार्वजनिक कामासाठी लागेल तेवढा पैसा द्या म्हणाले. गांधींना अट एकच होती: वर्षभर देश हिंडून बघा, तोवर राजकीय प्रश्नांवर जाहीर बोलू नका.

गांधींच्या निरोपाला समाजाच्या अंगणात छोटा फराळ ठेवला होता. शेंगदाणे, खजूर, फळं. गोखल्यांची तब्येत ढासळलेली होती, तरी हट्टानं आले आणि तिथंच त्यांना घेरी आली. खोलीत नेल्यावर शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला की कार्यक्रम चालू ठेवा. १९ फेब्रुवारी १९१५ला ते गेले. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते. पुढे त्यांनी समाजातल्या प्रवेशाचा अर्ज मागे घेतला. सभासदांत फूट पडायला नको, हे कारण.

वर्षभर तोंड मिटून हिंडण्याची अट मात्र त्यांनी पाळली. १९१७ साली ते चंपारण्यात गेले, तेव्हा पहिलं भाषण नाही, पहिली सभा नाही. निळीच्या शेतकऱ्यांच्या हजारो जबान्या लिहून घेतल्या. प्रत्येकाची उलटतपासणी करायची आणि जो टिकणार नाही त्याचा जबाब घ्यायचा नाही, असा हुकूम सोबतच्या वकिलांना होता. गांधी स्वतः बॅरिस्टर होते, तेव्हा याचं सगळं श्रेय पुण्याला देणं बरोबर नाही. पण आधी पुरावा आणि मग तोंड, हा क्रम गोखल्यांना ओळखीचा वाटला असता. पुढे सरकारनं चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधींना घेतलं आणि १९१८च्या कायद्यानं नीळ लावण्याची सक्ती करणारी तीनकठिया पद्धत रद्द झाली.

चंपारण्यातल्या खेड्यांत औषधपाण्यासाठी माणूस हवा होता. गांधींनी तो भारत सेवक समाजाकडे मागितला आणि समाजानं सहा महिन्यांसाठी त्याच डॉ. देवांना धाडलं. एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचं मलम एवढ्या सामग्रीवर दवाखाना चाले. उरलेला वेळ डॉक्टर गावकऱ्यांबरोबर रस्ते आणि विहिरींचा परिसर साफ करण्यात घालवत.

पुढच्या आठवड्यात याच समाजातून मजुरांच्या चाळींकडे वळलेले नारायण मल्हार जोशी.